पावसाळी पँट उभ्याने नको, गाडीवर बसून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून ताम्हिणी उतरायचा, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे करत मालवण, आणि परतीला आंबोली. सहा दिवस, साडेतीनशे सीसीची गाडी, मागे पत्नी. दोघांकडे गुडघ्याला गार्ड असलेल्या जाळीच्या रायडिंग पँटी आहेत. त्यांच्यावरून चढवायला हलकी, घडी करून टँक बॅगेत मावेल अशी, न भिजणारी पँट हवी आहे. दुकानात तीन प्रकार दिसले: हजाराच्या आतली पीव्हीसीची, अडीच-तीन हजारांची खास रायडिंगसाठीची, आणि आठ-नऊ हजारांची 'श्वास घेणाऱ्या' कापडाची ट्रेकिंगची. कुठली घ्यावी?

मधली घ्या. पण दुकानात आरशासमोर उभं राहून घेऊ नका. शक्य असेल तर दुकानाबाहेर लावलेल्या स्वतःच्या गाडीवर, पाय फूटरेस्टवर ठेवून, हात हँडलला लावून बसा आणि मग ठरवा. मी गुहागरकडचा. या किनाऱ्यावर पावसात गाडी चालवून वीसच्या वर पावसाळे झाले, आणि इतक्या वर्षांत माझ्या आणि सोबतच्यांच्या ज्या पँटी पाण्याला हरल्या, त्यातल्या बहुतेक कापडात हरल्या नाहीत. त्या आसनाच्या, म्हणजे पँटच्या बसायच्या भागाच्या, शिवणीत हरल्या.

कारण सोपं आहे. उभ्या माणसाच्या अंगावरून पाणी खाली ओघळून जातं. गाडीवर बसलं की मांड्या आणि पोट मिळून एक वाटी तयार होते. जॅकेटवरून उतरलेलं पाणी तिथे जमतं, टाकीवरून मागे आलेलं पाणीही तिथेच येतं. त्या वाटीच्या तळाशी नेमक्या पँटच्या चार शिवणी एकत्र येतात. वरून अंगाचं वजन, खालून सीटची थरथर. तासभर असं चाललं की पाण्याला सुईचं एक भोक पुरतं. म्हणून तर लोक सांगतात, 'बाकी सगळं कोरडं, फक्त बसायची जागा ओली.'

आमच्याकडे लावणीला बायका जे इरलं घेतात ते कधी नीट बघा. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते पाठीवरचं छप्पर उभ्या माणसाच्या मापाचं नसतं, वाकलेल्या पाठीच्या मापाचं असतं. ते घेऊन ताठ उभं राहिलं तर अवघडल्यासारखं होतं, वाकलं की बरोबर बसतं. पावसाळी कपडा ज्या अवस्थेत काम करायचं त्या अवस्थेसाठी बेतायचा असतो, हे आपल्या माणसांना केव्हाचं कळलेलं आहे. ट्रेकिंगची पँट चालणाऱ्यासाठी बेतलेली असते. आठ-नऊ हजार मोजूनही ती गाडीवर कमी पडते ती याच कारणाने. कापड उत्तम असतं, पण आसनात चार शिवणी तशाच एका बिंदूत मिळतात, आणि गुडघा वाकवला की पायाची लांबी अपुरी पडते.

म्हणून पँट हातात आली की पहिल्यांदा ती उलटी करा आणि आसन बघा. शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी, म्हणजे सीम टेप, सगळीकडे अखंड आहे का? आसनात चार शिवणींचा चौक आहे, की मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा घातला आहे? तो तुकडा असेल तर शिवणी एका बिंदूत न मिळता बाजूला सरकतात, आणि पाय फाकवून टांग टाकताना ताणही कमी येतो. सर्वांत उत्तम म्हणजे सीटखालची सगळी जागा एकाच सलग तुकड्याची असणं, म्हणजे शिवणी बसायच्या जागेपासून दूर जातात. अशी पँट दिसली तर बाकी दोन-तीन गोष्टी कमी असल्या तरी तीच घ्या. पुढे चेन असलेली पँट मी टाळतो. त्या वाटीच्या बरोबर तळाशी आणखी एक फट कशाला? नेफ्याला इलॅस्टिक आणि नाडी पुरते.

लेबलवरच्या आकड्यांबद्दल. १०,००० मिमी म्हणजे त्या कापडावर १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे येत नाही. तो दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो होतो. आता पंचाहत्तर किलोचा माणूस सीटवर साडेसातशे चौरस सेंटिमीटर जागेत बसला असं धरा, तर सरासरी दाब त्याच्या एक दशांश येतो, म्हणजे १,००० मिमी. बसायच्या हाडांखाली तो यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ५,००० च्या खाली जाऊ नका, १०,००० असेल तर कापडाची चिंता सोडा. २०,००० साठी जास्त पैसे मोजण्यात आपल्या कामाचं काही नाही. हा आकडा नव्या कोऱ्या, सपाट, शिवण नसलेल्या कापडाचा असतो. शिवणीचा आकडा कुणी छापत नाही, तो आपणच काढायचा.

तो काढायची माझी पद्धत अशी. पँट आतली बाजू बाहेर करून उलटी करायची. नेफ्याच्या दोन्ही कडा दोन्ही हातांत धरून आसनाची पिशवी होईल अशी ती अंगणात दोरीवर चिमटे लावून टांगायची आणि त्यात दोन तांबे पाणी ओतायचं. पाय दोन्ही बाजूंना वर उचलून बांधायचे, म्हणजे पाणी आसनातच राहतं. मग दहा मिनिटं तिच्याजवळ थांबायचं. चांगल्या पँटीला काही होत नाही. वाईट पँटीत पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत शिवणीच्या चौकात एक बारीक थेंब उगवतो, मोहरीएवढा. तो वाढतो, घरंगळतो, आणि त्याच जागी दुसरा येतो. त्या जागेला पेनने खूण करा. पँट वाळवून, आतून सीम सीलरची, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणाऱ्या लेपाची, ट्यूब त्या जागेवर बोटाने चोळून लावा, रात्रभर ठेवा, पुन्हा तांब्या ओता. पीयू (पॉलियुरेथेन) लेप असलेल्या कापडाला पीयूचाच सीलर लागतो, सिलिकॉनचा त्यावर धरत नाही, तो सोलपटासारखा निघून येतो. नव्या पँटीला ही चाचणी केलीत आणि ती नापास झाली तर बिल दाखवून परत करा, सीलर लावत बसू नका.

आता 'श्वास घेणारं' कापड. गोअर-टेक्ससारख्या पडद्याच्या कापडाबद्दल मला आदर आहे. १९६९ साली बॉब गोअर यांनी पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) झटक्यात ताणून जे सूक्ष्म छिद्रांचं रूप मिळवलं, त्यातून पावसाळी कपड्यांचं सगळं जग बदललं. पण घामाची वाफ बाहेर जाते ती आत आणि बाहेर यांच्यातल्या वाफेच्या दाबाच्या फरकाच्या जोरावर. त्वचेजवळ ३५ अंशाची दमट हवा, बाहेर १० अंशाची कोरडी हवा असेल तर तो जोर मोठा असतो. रत्नागिरीच्या जुलैत बाहेरच २८ अंश आणि हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास ओलावा. हिशेब केला तर तो जोर निम्म्याहूनही खाली येतो. त्यात वरचं कापड एकदा चिंब झालं की त्याच्यावर पाण्याचा थर बसतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. लडाखला किंवा हिमाचलला जाणार असाल तर ते कापड पैसे वसूल करून देईल. किनाऱ्यावरच्या सहा दिवसांत ते तुम्हाला साध्या पीयू लेपाच्या पँटीपेक्षा फारसं कोरडं ठेवणार नाही. घाम येणारच, हे धरून चाला.

तुमची जाळीची पँट मात्र इथे खरी मदत करते. ओलं कापड थेट मांडीला चिकटलं की नकोसं होतं. मध्ये जाळी आणि गार्ड असले की अर्ध्या इंचाची हवा राहते आणि घाम असूनही चिकचिक कमी वाटते. जाळीच्या आत सुती चड्डी घालू नका. सुती कापड ओलं राहतं, आणि ओल्या कापडाने दुसऱ्या दिवशी मांड्या काचतात, मग तिसरा दिवस बसवत नाही. सायकलवाले घालतात तशी सिंथेटिक शॉर्ट्स घ्या. काही रायडिंग पँटींसोबत आतून लावायचं पावसाळी अस्तर मिळतं, ते घरीच ठेवा. अस्तर तुम्हाला कोरडं ठेवतं, पण बाहेरची पँट चिंब होते, जड होते, आणि जुलैत कोकणातल्या लॉजवर ती दोन रात्रींतही वाळत नाही. सकाळी थंडगार ओली पँट अंगावर चढवणं हे मी दोनदा केलंय, तिसऱ्यांदा करणार नाही.

पीव्हीसीला मी नावं ठेवत नाही. तिची शिवण बहुधा उष्णतेने जोडलेली असते, सुईचं भोकच नसतं, त्यामुळे पाण्याला ती कुणापेक्षा कमी नाही. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर खलाशी तसल्याच जाड कापडात उभे असतात. पण तिचं वजन जास्त, घडी मोठी, आणि रोज टांग टाकून आसनाच्या घडीत ती चिरते. एका दिवसाच्या फेरीला चालेल. सहा दिवस, दोन माणसं, म्हणजे नको.

आता पाय. गुडघा वाकला की पँट वर सरकते, चार इंचांपर्यंत. उभ्याने घोट्यावर बरोबर वाटणारी पँट बसल्यावर बुटाच्या वर जाते आणि पाणी थेट बुटात. बसल्यावर तळ बुटाच्या गळ्याच्या खाली कमीत कमी चार बोटं आला पाहिजे. पँट नेहमी बुटाच्या बाहेरून, बुटात खोचून कधीही नाही. खोचली तर पँटवरचं सगळं पाणी बूट पितो. घोट्याजवळ वेल्क्रोचा पट्टा रुंद हवा, आणि तो पायाच्या बाहेरच्या बाजूला आवळला जाईल असा हवा. सैल फडफडणारं कापड गाडीच्या उघड्या चेनकडे गेलं तर पाय आत ओढला जाऊ शकतो. हे भीती घालायला सांगत नाही, पण निघण्यापूर्वी दोन्ही पट्टे हाताने ओढून बघायची सवय लावा.

उजव्या पायाचं वेगळं दुखणं आहे, ते म्हणजे सायलेन्सर. या हलक्या पँटी नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या. नायलॉन प्रकारानुसार साधारण २२० ते २६५ अंशांना वितळतं आणि इंजिनजवळचा बेंड पाइप त्याहून गरम होतो. माझी एक नवी पँट मी पहिल्याच फेरीत अशी घालवली. निवळी फाट्याच्या अलीकडे पाऊस थांबला होता, पाइप कोरडा होऊन तापला होता, आणि एका ट्रकमागे थांबताना मी उजवा पाय टेकवला. आधी वास आला, जळक्या प्लॅस्टिकचा. खाली बघितलं तर पोटरीवर तळहाताएवढं भोक, कडा काळ्या आणि सुरकुतलेल्या, आणि पाइपवर एक चकचकीत डाग, जो पुढे महिनाभर गाडी तापली की तोच वास देत राहिला. पाऊस चालू असेल तेव्हा पाइप पाण्याने जरा निवलेला असतो. धोका पाऊस थांबल्यावर असतो. उजव्या पोटरीला आतून उष्णता सोसणारा जाड तुकडा लावलेली पँट मिळत असेल तर तीच घ्या. ती बहुधा रायडिंगवाल्यांचीच असते, मधली घ्या म्हणालो त्याचं हे दुसरं कारण.

बाजूची चेन किती लांब, हा प्रश्न महिन्यावर अवलंबून आहे, आणि याचा विचार फार कमी जण करतात. जुलैत किनाऱ्यावर पाऊस धरून लागतो. सकाळी पँट चढवली की संध्याकाळीच काढायची, त्यामुळे चेन गुडघ्यापर्यंत असली तरी भागतं. श्रावणात सर येते, ऊन पडतं, पुन्हा सर येते. दिवसात सहा वेळा चढव-उतर. तेव्हा बूट न काढता पाय आत गेला पाहिजे, म्हणजे चेन मांडीपर्यंत हवी. तुम्ही जुलैत निघताय, पण पँट चार-पाच पावसाळे वापरणार, म्हणून मांडीपर्यंतचीच बघा. चेनच्या मागे कापडाची आतली पट्टी हवी, नुसती वरची झडप पुरत नाही. चेन प्लॅस्टिकच्या दातांची असावी. धातूची चेन खाऱ्या हवेत एका मोसमात अडकायला लागते.

हे सगळं सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कळतं. जयगडकडून गणपतीपुळ्याला येताना किंवा पुढे राजापूर-देवगडच्या बाजूला कातळाच्या सड्यावर आलात की झाड नाही, आडोसा नाही, आणि पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. तुम्ही दक्षिणेला जात असाल तर तो उजव्या बाजूने लागतो. बाजूची चेन, खिशाची फट, जॅकेट आणि पँट यांच्यातली जागा, सगळ्याची परीक्षा तिथे दहा मिनिटांत होते. म्हणून नेफा उंच हवा. पुढे झुकल्यावर मागून पाठ उघडी पडता कामा नये. खिसे नसलेलेच बरे. असतील तर ते आरपार हात घालायचे नुसते काप आहेत का ते बघा, ते पाण्याला उघडं दार आहे.

माप एक नंबर मोठं घ्या, पण दोन नको. जाळीची पँट आणि गार्ड घालूनच ट्रायल करा, गुडघे पूर्ण वाकवून उकिडवं बसून बघा. आसन ताणलं गेलं तर लहान आहे, वाऱ्यात पतंगासारखी फडफडली तर मोठी. फडफडीने शिवणी सैल होतात. बसायच्या जागी खरखरीत रबरी ठिपके असतील तर चांगलं, कारण हे गुळगुळीत कापड ओल्या सीटवर घसरतं आणि उतारावर ब्रेक लावला की माणूस टाकीवर जातो. कुंभार्लीसारख्या घाटात ते जाणवतं. रंगाचं म्हणाल तर काळी सगळीकडे मिळते, पण आंबोलीच्या धुक्यात काळी पँट दिसतच नाही. निदान पोटरीला मागून चमकणारी पट्टी असू द्या.

एक गोष्ट पँटीची नाही, पण सांगतो. अंग कोरडं आहे म्हणून रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घालायचा मोह होतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी काय चढलं ते आम्ही पाहिलंय. ओढ्यावरून पाणी जात असेल तर एसटीच्या शेडमध्ये थांबा, दोन तास गेले तरी चालतील. हवा बिघडली की बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाडीतल्या फेरीबोटीही थांबतात, तेव्हा रोजचं अंतर ठरवताना तेवढी सवड ठेवा.

वापरानंतरची काळजी. आमची लाल माती फार बारीक असते. ती सीटच्या जागी कापडात शिरते आणि बसल्या बसल्या सँडपेपरसारखी आतला लेप घासते. रोज संध्याकाळी लॉजवर पोचलात की पँट बादलीतल्या साध्या पाण्यात आसनापासून धुवा. ब्रश नको, पावडर नको, पिळणं नको. समुद्राकाठचा वारा लागला असेल तर चेनवर पाणी नीट ओता. आधी आतली बाजू बाहेर करून पंख्याखाली, मग उलटवून. चुलीजवळ किंवा हॉटेलच्या भट्टीजवळ टांगू नका, टेप सुटतो. पाण्याचे थेंब वरून घरंगळायचे बंद होऊन कापड गडद दिसायला लागलं म्हणजे वरची पाणी झटकणारी प्रक्रिया संपली. पँट फुटली असा त्याचा अर्थ नाही. पाणी आत येत नसतं, फक्त कापड जड आणि गार लागतं. त्यासाठीचा स्प्रे मिळतो, धुतलेल्या कापडावर मारायचा.

पावसाळा संपल्यावर पँट ओलसर असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणं हा तिचा खून आहे. पीयूचा लेप उष्ण, दमट हवेत पाण्याशी रासायनिकरीत्या तुटतो. पुढच्या जूनला घडी उघडली की आतून चिकट लागतं, पांढरे पापुद्रे झडतात, टेप हातात येतो. त्याला उपाय नाही. दसऱ्याच्या सुमाराला उन्हं पडली की सावलीत दोन दिवस वाळवून, घट्ट घडी न घालता, हँगरला लावून कपाटात ठेवा. एवढं केलं तर अडीच-तीन हजारांची पँट चार पावसाळे सहज देते.

आता तुमच्या पत्नीची पँट. पुरुषांच्या मापातली लहान पँट त्यांना देऊ नका, कमरेला बसली तर नितंबांवर ताणते आणि आसनाची शिवण पहिल्याच दिवशी उघडते. मागे बसणाऱ्याचे गुडघे जास्त वाकलेले असतात, म्हणून पायाची लांबी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त लागेल. मागच्या चाकाचा चिखल त्यांच्या पोटऱ्यांवर उडतो, आणि सायलेन्सरचा मागचा भाग त्यांच्या उजव्या घोट्याजवळ येतो. गाडी स्टँडवर लावून दोघंही पँटी घालून बसा, त्यांचा पाय फूटरेस्टवर ठेवून कापड आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं अंतर राहतं का ते हाताने मोजा. सायलेन्सरला जाळी बसवून घ्यायची असेल तर ती पुण्यातच बसवा. आणि तांब्याची चाचणी आधी त्यांच्या पँटीची करा. तुम्हाला निदान पुढून वारा तरी लागतो, मागच्या माणसाच्या सीटवर साचलेलं पाणी तिथेच बसून राहतं.